भागाकार बरोबर, पण अंश कुणाचा?

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या घरून पाच-सहा छोट्या व्यावसायिकांचे हिशेब सांभाळतात. दिवसभर मोठाल्या स्प्रेडशीट, ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, मध्येच व्हिडिओ कॉल. महिन्यातून एखाद्या वेळी मुलीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दहा मिनिटांचा व्हिडिओ जोडून देतात. लॅपटॉप सात वर्षांचा आहे: आठव्या पिढीचा कोअर आय५, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. "सकाळी बटण दाबते आणि कपडे वाळत घालायला जाते. परत येते तेव्हा कुठे तो कामाला लागलेला असतो," असं त्या लिहितात. विंडोज १०चे अपडेटही बंद झाले, म्हणून नवीन घ्यायचं ठरवून त्यांनी महिनाभर खपून एक तक्ता केला आहे. 'अ' म्हणजे एका नावाजलेल्या कंपनीचा सडपातळ १४ इंची लॅपटॉप, कोअर आय७-१३५५यू. 'ब' तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा, १६ इंची, जाडसर, कोअर आय५-१३५००एच, 'अ'पेक्षा थोडा स्वस्त. 'क' म्हणजे ॲपलचं मॅकबुक एअर, 'अ'च्या साधारण दीडपट किमतीचं. रॅम तिन्हींत १६ जीबी. बेंचमार्कच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीच्या, गुणांना किमतीने भागलं तर 'ब' पहिला येतो. मैत्रीण म्हणते, आय७ मिळत असताना आय५ घेणं हा शुद्ध वेडेपणा. धाकटा दीर म्हणतो, "वहिनी, एकदाच 'क' घ्या आणि दहा वर्षं विसरून जा." बाईंचा प्रश्न असा: "कुठली कंपनी पैशाला खरी उतरते ते एकदा सांगून टाका. मला फसायचं नाहीये. ता.क. – एका क्लायंटचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे पोर्टमध्ये खुपसायच्या किल्लीवर, चालतं, तेवढं चाललं म्हणजे झालं."

ताई,

तुमचा तक्ता तीनदा वाचला. इतके नीट आखलेले रकाने पाहून तुमच्या क्लायंटांचा हेवा वाटला. पण तुमचा निर्णय ज्या दोन वाक्यांवर ठरणार आहे, ती दोन्ही तक्त्याबाहेरच राहिली आहेत. एक ता.क.मधलं, दुसरं कपडे वाळत घालण्याचं.

ता.क. आधी घेतो, कारण त्याने एक उमेदवार तिथल्या तिथे बाद होतो. ॲपलने २०२०च्या नोव्हेंबरात एम१ चिप आणली आणि तेव्हापासून इंटेलची चिप हळूहळू मॅकमधून गेली. त्याआधीच्या इंटेलवाल्या मॅकवर विंडोज थेट टाकता यायची. आताच्या मॅकवर ती सोय नाही. आभासी मशीन करून विंडोज चालवता येते, पण ती आर्म जातीच्या (ॲपलची चिप त्याच जातीची, इंटेलची नाही) चिपसाठीची विंडोज असते. नेहमीचे विंडोज प्रोग्राम ती दुभाष्याच्या मदतीने चालवते आणि बऱ्यापैकी चालवते. ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं उपकरण विंडोजला वापरू देणाऱ्या प्रोग्रामला, मात्र हा दुभाषा मिळत नाही. ड्रायव्हर आर्मसाठीच लिहिलेला लागतो, आणि जुन्या डोंगलला बहुधा स्वतःचा ड्रायव्हर हवाच असतो. त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने आर्मसाठी नवा ड्रायव्हर काढला नसेल, तर तुमच्या कामापुरतं 'क' म्हणजे एक सुंदर, महागडं, बंद दार. स्नॅपड्रॅगन या आर्म चिपवाले जे विंडोज लॅपटॉप २०२४पासून जोरात येऊ लागलेत, त्यांचीही हीच गत. तेव्हा कुणी त्यांचं बॅटरीचं कौतुक ऐकवलं तर हे लक्षात असू द्या.

दिराचं चुकलं असं नाही. ॲपलची ही चिप खरोखर चांगली आहे. कमी विजेत जास्त काम करते, एअरला पंखासुद्धा नाही, बॅटरी दिवसभर पुरते. लिहिणारा-वाचणारा, सतत प्रवासात असणारा, डोंगल म्हणजे काय हे ठाऊक नसलेला कुणी विचारता, तर दीडपट किंमत असूनही मी 'क'चा विचार गंभीरपणे करायला सांगितलं असतं. फक्त "दहा वर्षं विसरा" हे मी कुणालाच सांगणार नाही. या मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत. ऑक्टोबर २०२४पर्यंत मॅकबुक एअरचं सुरुवातीचं मॉडेल ८ जीबीचंच असायचं, मग ते १६चं झालं. २०२२च्या एम२ एअरमध्ये तर आणखी एक गंमत होती. २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये साठवणुकीची एकच चिप बसवली होती, आणि त्यामुळे त्याचा डिस्कचा वेग आधीच्या एम१ एअरपेक्षाही कमी भरायचा. नाव नवं, चिप नवी, आणि फाइल कॉपी करताना जुनं मशीन पुढे. असं जवळजवळ प्रत्येक कंपनीत कुठे ना कुठे सापडतं.

आता तक्त्याकडे. तुम्ही गुणांना किमतीने भागलंत. हिशेब लिहिणाऱ्याला हेच सुचणार, आणि भागाकारात चूक नाही. छेदही तुमचा आहे. पैसे तुमच्या खिशातून जाणार. पण अंश कुणाचा आहे हे बघितलंत का? तुमच्या तक्त्यात सिनेबेंचचे, प्रोसेसरचे सर्व कोअर (आतले काम करणारे भाग) मिळून येणारे गुण आहेत. हा बेंचमार्क एक थ्रीडी दृश्य रंगवायला देतो आणि प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम जुंपतो. ज्यांचा धंदा थ्रीडीचा आहे त्यांच्यासाठी ती चाचणी अगदी चोख. तुम्ही जमाखर्च लिहिता. तुमच्या कामातला बराचसा भाग, म्हणजे टाइप करणं, फाइल उघडणं, टॅब बदलणं, एका वेळी एखाद-दोन कोअरवरच चालतो. तिथे एका कोअरचे गुण बघायचे असतात आणि त्यात 'अ' आणि 'ब' यांच्यात डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही. 'अ'चा प्रोसेसर जास्तीत जास्त ५ गिगाहर्ट्झला (सेकंदाला पाच अब्ज ठोक्यांना) जातो, 'ब'चा ४.७ला. म्हणजे मैत्रीण एका विषयात बरोबर, तुमचा तक्ता दुसऱ्या विषयात बरोबर, आणि तुमची परीक्षा तिसऱ्याच विषयाची.

मैत्रिणीच्या आय७बद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या एका आकड्याने मी माझ्या ओळखीतली निम्मी माणसं चकलेली पाहिली आहेत. ३, ५, ७, ९ हे आकडे एकाच कुटुंबात थोरला-धाकटा सांगतात. कुटुंब बदललं की नातं बदलतं. ते कुटुंब सांगतं शेवटचं अक्षर. यू म्हणजे वीज जपणारा, पातळ लॅपटॉपसाठी. एच म्हणजे दांडगा, जाड लॅपटॉपसाठी. आय७-१३५५यू हा १५ वॉटच्या हिशेबाने आखलेला, दोन मोठे कोअर आणि आठ छोटे. आय५-१३५००एच हा ४५ वॉटचा, चार मोठे आणि आठ छोटे. म्हणजे ज्याला मैत्रीण खालचा समजते, त्याच्याकडे मोठे कोअर दुप्पट आहेत. इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीकडेही असंच. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकून तो ७००० मालिकेतला ताजा वाटतो. २०२२च्या अखेरीस तो बाजारात आलाही. पण आतली रचना २०१९ची झेन २. त्या मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो. २ असेल तर झेन २, ४ असेल तर झेन ४. ज्याला हे माहीत नाही तो दोन रायझन ५ शेजारी ठेवून स्वस्त तो उचलतो आणि घरी येऊन कंपनीला बोल लावतो.

हा खेळ आजचा नाही. ६ मार्च २००० रोजी एएमडीने १ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलने १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री. तेव्हा गिगाहर्ट्झ म्हणजेच वेग, असं सगळे धरून चालले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेंटियम फोर आला तो थेट १.४ आणि १.५चा. आकडा दीडपट, पण कित्येक कामांत तो १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीला मागे टाकू शकेना. कारण आकडा वाढवण्यासाठी काम बारीक-बारीक टप्प्यांत तोडलं होतं: दर ठोक्याला पाऊल पडायचं खरं, पण पाऊलच लहान. एएमडीने वैतागून २००१मध्ये ॲथलॉन एक्सपीच्या नावातून गिगाहर्ट्झच काढून टाकले. १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला नाव दिलं '१८००+'. ग्राहकाने त्यातून काय समजायचं ते समजावं! २००४मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढण्याचा बेत सोडून दिला, आणि २००६चा कोअर २ ड्युओ कमी गिगाहर्ट्झवर त्याच्या पुढे गेला. पंचवीस वर्षांत आकड्याचं नाव बदललं. तेव्हा गिगाहर्ट्झ, आता आय७ आणि बेंचमार्कचे गुण.

तुमचा मूळ प्रश्न होता, कुठली कंपनी. इथे मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. 'अ' आणि 'ब' दोघांचेही प्रोसेसर इंटेलचे. पडदे बनवणाऱ्या जगात मोजक्याच कंपन्या, रॅमच्या चिपा बनवणाऱ्या त्याहून मोजक्या. मोठमोठ्या नावांचे लॅपटॉप जोडतात क्वांटा, कॉम्पल यांसारख्या तैवानी कंपन्या, आणि एकाच कंपनीकडे दोन प्रतिस्पर्ध्यांचं काम असणं ही रोजची गोष्ट. मग झाकणावरच्या नावाने काय ठरतं? गरम हवा बाहेर कशी काढायची, बिजागरी कशात बसवायची, किबोर्ड कुठला, पडदा स्वस्तातला की बरा, आणि बिघडल्यावर फोन कोण उचलणार. हे सगळं महत्त्वाचं आहे. फक्त ते कंपनीगणिक बदलण्यापेक्षा मालिकेगणिक जास्त बदलतं. एकाच कंपनीची घरगुती स्वस्त मालिका आणि कार्यालयांना विकली जाणारी मालिका यांत जेवढं अंतर असतं, तेवढं दोन कंपन्यांच्या सारख्या दर्जाच्या मालिकांत नसतं. "अमुक कंपनी भंगार" असं सांगणाऱ्याला विचारा, कुठली मालिका होती. बहुतेकांना आठवत नाही.

शिवाय नाव टिकतं आणि मालक बदलतो. थिंकपॅड आयबीएमचा म्हणून लोकांनी डोळे मिटून घेतला. २००५पासून तो लेनोवोचा आहे. सोनीने वायो २०१४मध्ये विकून टाकला. तोशिबा १९८५पासून लॅपटॉप बनवत होती, २०२०मध्ये या धंद्यातून पूर्ण बाहेर पडली. नावावर जीव टाकणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली.

बिजागरीवरून आठवलं. मीही एकदा तुमच्यासारखाच तक्ता केला होता आणि गुण भागिले किंमत यात जो पहिला आला तो आणला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. गुण खरे होते. पहिल्याच आठवड्यात कळलं की ते गुण मिळवताना पंखा असा सुटतो की कॉलवर समोरचा विचारतो, "बाहेर पाऊस आहे का?" दोन वर्षांनी बिजागरीचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या बारक्या खुंट्यांत बसवले होते त्या तडकल्या. झाकण उघडलं की खालची पट्टी चिमटीत धरावी लागायची. पुढचं दीड वर्ष मी तो लॅपटॉप काळ्या बाइंडर क्लिपने आवळून वापरला. माझ्या तक्त्यात बिजागरीचा रकाना नव्हता.

पंख्याचा मुद्दा मात्र गमतीचा नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर पहिली काही सेकंदं मोकाट पळतो. तापला की स्वतःला आवरतो. छोट्या चाचण्या त्या पहिल्या सेकंदांतच संपतात. सिनेबेंचच्या २०२०च्या आवृत्तीपासून चाचणी आपणहून दहा मिनिटं फिरत राहते ती यासाठीच. त्यामुळे एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप दहाव्या मिनिटाला वेगवेगळे आकडे दाखवू शकतात. ग्राफिक्स कार्डांत तर हे उघड छापलेलं असतं: आरटीएक्स ४०६० नावाची लॅपटॉपची चिप कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीलाही बसवू शकते. झाकणावरचा स्टिकर दोन्हीकडे तोच. तेव्हा परीक्षण वाचताना प्रोसेसरचं नाही, त्याच मॉडेलचं वाचायचं, आणि त्यातही दहा-पंधरा मिनिटांनंतर काय झालं ते शोधायचं.

आता कपडे वाळत घालण्याकडे येऊ. ताई, तुमचा खरा बेंचमार्क तो आहे.

तुमच्या लॅपटॉपला सकाळी एवढा वेळ का लागतो? प्रोसेसर म्हातारा झाला म्हणून नाही. त्यात फिरणारी हार्ड डिस्क आहे. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, त्याआधी सुई त्या रेषेवर सरकायला आणखी तेवढाच किंवा जास्त वेळ. म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर विखुरलेले तुकडे वाचून होतात, फार तर शंभर. विंडोज सुरू होताना असे हजारो बारके तुकडे मागते. साधी एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) सेकंदाला असे हजारोंनी तुकडे देते. तिच्यात फिरणारं काहीच नाही. त्यात तुमची रॅम ८ जीबी. पंचवीस टॅब, स्प्रेडशीट आणि कॉल एकदम उघडे असले की रॅम भरते आणि विंडोज जास्तीचा माल डिस्कवर ठेवू लागते, त्याच साठ-सत्तर तुकडेवाल्या डिस्कवर. कॉल चालू असताना टॅब बदलला की मशीन तोंड वासून बसतं ते यामुळे.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, स्वतः बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. तो एका कोपऱ्यात उघडा ठेवून एक दिवस काम करा. जिथे-जिथे थांबावं लागेल तिथे नजर टाका: प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांपैकी कोण शंभरला टेकलंय? कागदावर रेघा मारा. मला वाटतं डिस्कच्या रेघा सगळ्यांत जास्त होतील. मेमरीच्या पानावर खाली रॅमचे किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत हेही लिहिलेलं असतं. दोनपैकी एक भरलेला दिसला तर दुसऱ्यात आणखी ८ जीबी बसवता येते.

राहिली विंडोज. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे खरं. पण विंडोज ११साठी इंटेलची जी यादी आहे ती मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप चालवून बघा. "टीपीएम (विंडोज ११ला लागणारा सुरक्षेचा भाग) नाही" असं म्हणालं तर घाबरू नका. बऱ्याचदा ते असतं, बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं.

म्हणजे तुमच्या तक्त्यात चौथा रकाना हवा: 'ड', हाच लॅपटॉप, एसएसडी आणि वाढीव रॅम घालून. नव्याच्या तुलनेत खर्च किरकोळ, आणि तुमच्या रोजच्या कामात जो फरक पडेल तो 'अ'वरून 'ब'वर जाण्याने पडणाऱ्या फरकाच्या कितीतरी पट. डोंगल आज चालतंय तसंच बहुधा उद्याही चालेल. दोन गोष्टी मात्र आधी बघा. डिस्कला हात लावण्यापूर्वी सगळ्या क्लायंटांच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा आणि त्या तिथून उघडतात का तेही तपासा. आणि लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर आल्यासारखा किंवा दाबायला घट्ट झाला असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तसं असेल तर वापर तिथेच थांबवा आणि बॅटरी आधी बदलून घ्या. मूळ कंपनीची बॅटरी मिळतच नसेल किंवा झाकण खिळखिळं झालं असेल, तर 'ड'चा नाद सोडलेला बरा.

समजा 'ड' जमला नाही आणि घ्यावाच लागला, तर 'अ' की 'ब'? मी 'ब'कडे झुकेन, पण तुमच्या भागाकारामुळे नाही. तुम्ही दिवसभर आकडे मारता. १६ इंची लॅपटॉपवर बहुधा उजवीकडे आकड्यांचा वेगळा किपॅड असतो, १४ इंचीवर नसतो. (मॅकबुकवर तर कुठल्याच नसतो.) दुसरं, पडदा. अलीकडे पुष्कळ पडदे १९२० बाय १२०० येतात, जुन्या १०८०पेक्षा १२० बिंदू उंच. एक्सेलची नेहमीची ओळ २० बिंदूंची. म्हणजे शंभर टक्के आकाराला सहा ओळी जास्त दिसतात. दिवसभर वर-खाली सरकवणाऱ्याला त्या सहा ओळींची किंमत बेंचमार्कच्या कुठल्याही गुणांपेक्षा जास्त. 'ब'चा पडदा १०८०चा आणि 'अ'चा १२००चा निघाला तर मी पुन्हा विचार करेन. तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' आणि '२५० निट्स' दिसलं तर समजा की पडद्यावर पैसे वाचवलेत. रंग फिके आणि उजेडाच्या खोलीत डोळे ताणायला लावणारा. 'ब'ची खरी कमजोरी बॅटरी. एच प्रोसेसर साधं काम करतानाही जास्त वीज घेतो. "अठरा तासांपर्यंत" या जाहिरातीला न भुलता बॅटरी किती वॉट-अवर आहे ते पाहा. हलक्या कामात सरासरी १० वॉट धरले तर ५० वॉट-अवरला पाच तास. तुम्ही टेबलाशी बसून, चार्जर लावून काम करता, म्हणून हे चालेल. रोज पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला मी नेमकं उलट सांगितलं असतं, 'अ' घ्या म्हणून. मुलीचे व्हिडिओ दोन्हींवर निघतील. इंटेलच्या चिपमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो, तेवढ्यासाठी महाग ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

छेदाबद्दलही एक. किमतीला वर्षांनी भागून बघा. 'अ'ला शंभर धरलं तर 'क' दीडशे. 'अ' चार वर्षं चालला तर वर्षाला पंचवीस, 'क' सात वर्षं चाललं तर साडेएकवीसच्या आत. पण 'अ' सहा वर्षं चालला तर तो सतराच्याही खाली येतो. म्हणजे निकाल वर्षांवर ठरतो, आणि ती वर्षं कशाने वाढतात हे विचारून घेता येतं: रॅमला मोकळा स्लॉट आहे की सगळी बोर्डालाच जोडलेली? बॅटरी स्क्रू काढून बदलता येते का? वॉरंटीत माणूस घरी येतो की आपण मशीन घेऊन जायचं? हिशेब लिहिणाऱ्या बाईचा लॅपटॉप मुदतीच्या आठवड्यात दहा दिवस दुरुस्तीला गेला, तर तो तोटा कुठल्या रकान्यात मांडणार?

फसण्याच्या भीतीबद्दल दोन शब्द. तुमच्या तक्त्यातला एकही लॅपटॉप असा नाही की जो घेऊन तुमचं वाटोळं होईल. मैत्रीण आणि दीर दोघं आपापली निवड तुमच्याकडून पुन्हा एकदा बरोबर ठरवून घेतायत. आपण सगळेच तसं करतो. त्यांना ऐकून घ्या, आणि टास्क मॅनेजरच्या रेघा त्यांना दाखवत बसू नका.

आधी 'ड' करून बघा. नवा घ्यायची वेळ आलीच तर पैसे देण्याआधी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा की डोंगलचा विंडोज ११साठीचा ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का. विंडोज ११ ३२ बिटची येतच नाही. आणि मशीन प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा डोंगल पर्समध्ये घेऊन जा. पातळ लॅपटॉपांत हल्ली नुसते यूएसबी-सीचे पोर्ट असतात. ते जुनं चौकोनी डोंगल त्यात शिरतच नाही, हे तिथेच कळलेलं बरं.